खोकल्याची बाटली

बंगळुरात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक अशी की, येथील हवा फार चांगली. आणि दुसरी अशी की, या हवेने खोकला होतो. दोन्ही गोष्टी सांगणारा गृहस्थ बहुधा एकच असतो, आणि आपल्या बोलण्यात काही विसंगती आहे असे त्याला मुळीच वाटत नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले हे शहर. पावसाळ्यात दिवसेंदिवस आभाळ भरलेले, संध्याकाळी गार वारा, आणि त्यात रस्त्यांवरील धूळ, वाहनांचा धूर व गाजरगवताचे पराग यांची भर. मी नोकरीच्या निमित्ताने येथे आलो, तेव्हा कन्नडमधील जे पहिले दहा-वीस शब्द माझ्या कानांनी उचलले, त्यांत ‘केम्मु’ म्हणजे खोकला हा एक होता. कचेरीत, बसमध्ये, भाजीबाजारात, सर्वत्र कोणी ना कोणी खोकत असतो, आणि ‘वेदर, सर’ एवढे म्हटले की तो विषय संपतो. खोकला हा येथे आजार समजला जात नाही. तो एक ऋतू समजला जातो.

आमच्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एक दफ्तरी आहेत. घराणे भावसारांचे, चार पिढ्या चिकपेठेच्या आसपास गेलेल्या. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि माझ्याशी बोलताना त्या दोहोंच्या मधली, माझ्या पुणेरी कानाला गोड लागणारी जुन्या वळणाची एक भाषा. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने किरकोळ, आणि मधुमेह बरीच वर्षे सोबतीला. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांना खोकला सुरू झाला. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, “साहेब, हवेचा आहे. जाईल.” मलाही ते पटले, कारण मीही त्या आठवड्यात खोकतच होतो. माझा गेला. त्यांचा गेला नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी एक किरकोळ रजा घेतली, सप्टेंबरमध्ये दोन, ऑक्टोबरात पुन्हा एक. त्या चौथ्या अर्जावर मी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: ‘रजा मंजूर. वारंवार अनुपस्थिती टाळावी.’

या तीन महिन्यांत ते काही हातावर हात ठेवून बसलेले नव्हते, हे मला नंतर कळले. ते प्रथम घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची एक बाटली मिळाली. तिने काही झाले नाही म्हणून ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. तेथे दुसऱ्या रंगाची बाटली आणि पाच दिवसांचे प्रतिजैविक मिळाले. त्याने आठ-दहा दिवस बरे वाटले आणि मग पहिल्यासारखेच झाले. तिसऱ्या खेपेस त्यांनी डॉक्टरची फी वाचवली आणि थेट औषधाच्या दुकानातूनच बाटली आणली. संध्याकाळी अंग कोमट होई, रात्री उशी घामाने भिजे, आणि कमरेच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवे भोक पाडले होते. शेवटी थुंकीत रक्ताची रेघ दिसली तेव्हा सुनेने हट्टाने त्यांना सरकारी क्षय केंद्रात नेले. तेथे बेडका तपासला गेला आणि निदान निश्चित झाले. तीन महिने जे कळले नव्हते, ते कळावयास एक दिवसही लागला नाही.

क्षय म्हटले की आपल्या मनात फार भव्य चित्रे उभी राहतात. दक्षाच्या शापाने चंद्राला राजयक्ष्मा जडल्याची कथा आपण ऐकलेली असते. जुन्या चित्रपटांतील नायक-नायिका पांढऱ्या रुमालावरचा लाल ठिपका लपवताना आपण पाहिलेली असतात. प्रत्यक्षात या रोगाची सुरुवात अत्यंत नीरस असते: थोडा खोकला, थोडी कणकण, थोडी अरुची, थोडा थकवा. यांतील प्रत्येक लक्षणाला शेजारी, नातेवाईक आणि आपण स्वतः एकेक निरुपद्रवी कारण देऊ शकतो, आणि देतोही. म्हणूनच डॉक्टरांनी या नीरस लक्षणांना एक साधा कालावधी जोडून दिला आहे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकलेला खोकला मग ‘हवेचा’ म्हणून सोडून द्यावयाचा नाही. त्याचा बेडका तपासावयाचा आणि छातीचा एक्स-रे काढावयाचा. सोबत ताप, वजनात घट किंवा रात्रीचा घाम असेल तर मग वाटच पाहावयाची नाही.

या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या एका सभेत जाहीर केला. तो हवेतून पसरतो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा अत्यंत सूक्ष्म तुषार बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच काळ तरंगत राहतात. ताटवाट्या, कपडे, हस्तांदोलन यांतून हा रोग पसरत नाही, हे आवर्जून सांगावयास हवे. कारण आपल्या घरांतून आजही रुग्णाचे भांडे वेगळे काढले जाते आणि खिडकी मात्र बंद ठेवली जाते. करावयाचे ते नेमके याच्या उलट आहे. भांडे सर्वांचे एकच असले तरी चालेल, खिडकी उघडी हवी.

दुसरी गोष्ट अशी की, जंतू शरीरात शिरणे आणि रोग होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ज्यांच्या शरीरात जंतूने प्रवेश केला अशा शंभर माणसांपैकी पाच ते दहांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षय होतो; बाकीच्यांचे शरीर त्याला कोंडून ठेवते. ही कोंडी कशाने फुटते? अर्धपोटी राहण्याने, तंबाखू-विडीने, दारूने, एचआयव्हीच्या संसर्गाने, आणि आपल्या शहरी मध्यमवर्गाने विशेष लक्ष द्यावे असे कारण म्हणजे मधुमेहाने. मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याचा संभव इतरांच्या दुपटी-तिपटीने अधिक असतो. रोज सकाळी फिरावयास जाणारे, साखर मोजून घेणारे, रक्तदाबाची वही ठेवणारे कितीतरी सुशिक्षित लोक आपण पाहतो. परंतु आपला रेंगाळलेला खोकला आणि आपली साखर यांचा काही संबंध असू शकेल, हे त्यांच्या गावीही नसते. आमच्या दफ्तरींच्या बाबतीत माझ्याही गावी नव्हते.

या प्रकरणानंतर मी क्षयाविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. अपराधी वाटू लागले की माणूस वाचू लागतो. या वाचनात मला अशी एक गोष्ट सापडली की तिने मी थोडा चकित झालो, आणि ती याच शहरातली होती. बंगळुरातून विमानतळाकडे जाणाऱ्या बळ्ळारी रस्त्यावर ‘राष्ट्रीय क्षयरोग संस्था’ अशी पाटी असलेले एक आवार आहे. त्यावरून मी शेकडो वेळा गेलो होतो, आत काय चालते याचा विचार एकदाही केला नव्हता. या संस्थेने सुमारे साठ वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर आमच्या दफ्तरींच्या तीन बाटल्यांना अगदी तंतोतंत लागू पडत होते.

त्याआधीची स्थिती थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवून परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, पुण्यात याच रोगाने गेल्या. स्वतः डॉक्टर असूनही त्यांच्या हाती काही नव्हते. म्हैसूरच्या राजघराण्यातील कृष्णाजम्मण्णी आणि त्यांच्या मुली याच रोगाला बळी पडल्या, आणि त्यांच्या नावाने म्हैसुरात क्षय आरोग्यधाम उभे राहिले. उपचार म्हणजे काय, तर उंचावरची स्वच्छ हवा, अंडी, दूध आणि सक्तीची विश्रांती. मिरजेजवळची वानलेसवाडी, मदनपल्लीजवळचे आरोग्यवरम् ही ठिकाणे त्या काळच्या कितीतरी कुटुंबांच्या आशेची आणि दुःखाचीही नावे होती. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले तेव्हा चित्र पालटले. तरीही आरोग्यधामावाचून गुण येणार नाही, ही समजूत कायम राहिली. आणि आरोग्यधामांतील खाटा तर देशातील रुग्णांच्या मानाने अगदीच थोड्या.

ही समजूत मोडली ती मद्रासमध्ये. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या केंद्रात डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्यांच्या त्याच दाटीच्या घरांत, त्याच अपुऱ्या जेवणावर, तीच औषधे दिली. वर्षअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक लागण झाली असेही दिसले नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि क्षयाचा उपचार खाटेपासून सुटला.

आता दुसरा प्रश्न उरला, तो म्हणजे रुग्ण शोधावयाचे कसे. १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीने असे दाखवले होते की, दर हजारी सुमारे चार माणसांच्या बेडक्यात जंतू आहेत, आणि हे प्रमाण शहरांत व खेड्यांत जवळपास सारखेच आहे. गिरणीच्या धुराचा, चाळीच्या दाटीचा हा रोग अशी जी आपली कल्पना होती ती खोटी ठरली. आता लाखो खेड्यांत हे रुग्ण विखुरलेले. खेडूत अडाणी, त्यांना रोग कळत नाही, कळला तर ते मांत्रिकाकडे जातात, तेव्हा एक्स-रेच्या गाड्या घेऊन आपणच दारोदार त्यांचा शोध घ्यावा लागेल, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सूर होता. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्याविषयी जी खात्री असते, तीच ही.

बंगळूरची संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली. म्हैसूर राजघराण्याच्या ‘अव्हेलॉन’ नावाच्या वास्तूत तिचे काम सुरू झाले आणि १६ सप्टेंबर १९६० रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. नेहरूंच्या पत्नी कमलाबाई याच रोगाने १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानला वारल्या होत्या. या संस्थेत डॉक्टरांबरोबर समाजशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञही नेमलेले होते, हे तिचे वैशिष्ट्य. समाजशास्त्र हा माझा एम.ए.चा विषय असल्यामुळे मला त्याचे विशेष कौतुक वाटते. अशा संस्थांतून आमच्या विषयाला सहसा कोणी विचारीत नाही.

डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी बंगळुरापासून सत्तरेक किलोमीटरांवर असलेल्या तुमकूर जिल्ह्यातील गावे निवडली. तेथे तपासणी नुकतीच झाली होती, त्यामुळे कोणाला क्षय आहे हे संशोधकांना ठाऊक होते, रुग्णाला मात्र ठाऊक नव्हते. त्यांच्याकडे जाऊन त्यांनी साधी चौकशी केली: तुम्हाला काही होते आहे काय? त्याची काळजी वाटते काय? त्यासाठी काही केलेत काय? १९६३ साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे होते. ज्यांच्या बेडक्यात जंतू होते अशा शंभरांपैकी ९५ जणांना आपल्या शरीरातील लक्षणांची जाणीव होती. ७२ जणांना त्याची काळजी वाटत होती. आणि ५२ जणांनी, म्हणजे निम्म्याहून अधिकांनी, उपचारासाठी प्रत्यक्ष हालचाल केली होती. तीही बहुतेकांनी मांत्रिकाकडे नव्हे, तर दवाखान्याकडे. तेथून ते काय घेऊन परतले होते? खोकल्याच्या औषधाची बाटली.

या निष्कर्षाचा अर्थ माझ्यासारख्या सरकारी नोकराला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या कचेऱ्यांत आलेल्या अर्जाला पोच दिली जाते. पोच मिळाली की अर्जदार निघून जातो, टेबल मोकळे होते, आणि प्रकरण निकाली निघाल्यासारखे वाटते. ती बाटली म्हणजे अशी पोच होती. ज्याला आपण अडाणी समजत होतो तो खेडूत सात-आठ मैल चालून योग्य दारी आला होता, आणि दारातल्या शिकलेल्या माणसाने त्याला परत पाठवले होते. रोग्याला शोधावयास गाड्या धाडण्याआधी, जो आपण होऊन आला आहे त्याचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, इतका साधा विचार यातून निघाला. १९६२ मध्ये आखलेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच विचारावर उभा होता. जिल्ह्याला एक केंद्र, आणि त्याला जोडलेले साधे दवाखाने, जेथे खोकला घेऊन आलेल्याची तपासणी होईल आणि घरच्या घरी औषध मिळेल. या उभारणीत असलेले डेन्मार्कचे डॉ. हाफ्डन माहलर पुढे १९७३ ते १९८८ जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले. १९७८ मध्ये अल्मा-आता येथे सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीतली.

कागदावर इतके सुरेख असलेले हे काम प्रत्यक्षात पुढे मंदावले. सूक्ष्मदर्शक होते तेथे माणूस नव्हता, माणूस होता तेथे औषध नव्हते. १९९० नंतर कार्यक्रमाची नवी मांडणी झाली. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. आजही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत. २०२५ पर्यंत या रोगाचा निःपात करण्याचे जे उद्दिष्ट देशाने ठेवले होते ते साधले नाही, रोगाचे प्रमाण मात्र २०१५ च्या मानाने निश्चितपणे खाली आले आहे.

येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती वरच्या माझ्या मांडणीला थोडी अडचणीची आहे. २०१९ ते २०२१ या काळात पुन्हा एक देशव्यापी पाहणी झाली. तीत असे आढळले की, क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेच गेले नव्हते. आणि कारण विचारता बहुतेकांनी ‘दुर्लक्ष केले’ असे सांगितले. या पाहणीचा काही भाग कोविडच्या काळात झाला, हे ध्यानात घेतले तरी आकडा मोठा आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा तो जागरूक रुग्ण आज निष्काळजी झाला आहे काय? माझे स्वतःचे मत निराळे आहे, आणि ते केवळ मत आहे. जो माणूस तीनदा दारी जाऊन तीन बाटल्या घेऊन येतो, तो चौथ्यांदा जात नाही. आणि त्याचा अनुभव पाहिलेला शेजारी पहिल्यांदाही जात नाही. दुर्लक्ष करणे हे कित्येकदा शिकवले जाते. माझा तो शेरा हाही अशाच शिकवणीचा एक भाग होता.

याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, की आढळलेल्या रुग्णांपैकी पुष्कळ जणांचा रोग केवळ एक्स-रेमुळे लक्षात आला; लक्षणे विचारून ते सापडले नसते. म्हणून घरात कोणाला क्षय झाला असेल, किंवा स्वतःला मधुमेह असेल, तर खोकला नसतानाही एकदा छातीचा एक्स-रे काढून घेणे शहाणपणाचे.

बेडका देण्याविषयी दोन शब्द सांगतो. विषय किळसवाणा वाटला तरी सांगतो, कारण येथेच चूक होते. डबी हाती दिली की संकोचाने माणूस तीत लाळ टाकतो, आणि लाळेत जंतू सापडत नाहीत. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरावी, उघड्यावर, माणसांपासून दूर उभे राहावे, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि छातीच्या तळापासून खोकून आलेला दाट बेडका द्यावा. पूर्वी तो केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. आता जंतूच्या जनुकद्रव्यावरून निदान करणारी यंत्रे आली आहेत. त्यांतील ‘ट्रूनॅट’ हे लहानसे, बॅटरीवर चालणारे यंत्र बंगळूरच्या बिगटेक प्रयोगशाळेत आणि गोव्यातील मोलबायो कंपनीत घडले, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते ठेवता येते आणि ते सुमारे तासाभरात उत्तर देते. हे तपासणे आणि पुढील औषध दोन्ही सरकारी केंद्रांत विनामूल्य आहेत. दुकानातून परस्पर आणलेली प्रतिजैविके मात्र घेऊ नयेत. त्यांतील काही क्षयाच्या जंतूला थोडे दाबतात, आठ-दहा दिवस बरे वाटते, आणि निदान तेवढे लांबते. आमच्या दफ्तरींचे बहुधा हेच झाले असावे.

उपचार सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. त्यांतील रिफॅम्पिसिनमुळे लघवीला नारिंगी रंग येतो. हे आधी न सांगितल्याने घाबरून गोळ्या बंद केलेली माणसे असतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळ टिकून राहिली किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, सामान्यतः, रुग्णापासून इतरांना होणारा धोका पुष्कळ कमी होतो. खरी कसोटी तिसऱ्या महिन्यात लागते. खोकला गेलेला असतो, भूक लागू लागते, वजन वाढते, आणि आता गोळ्या कशाला असे वाटू लागते. तेथे थांबले की उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात, आणि कित्येकदा ते जुन्या औषधांना दाद देत नाहीत.

आहाराविषयी आपल्याकडे सल्ला पुष्कळ दिला जातो, पुरावा क्वचित दिला जातो. तो पुरावा अलीकडे मंगळूरच्या डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी दिला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांची त्यांनी पाहणी केली. काही घरांना रुग्णाच्या शिध्याबरोबर बाकीच्या माणसांसाठीही दरमहा तांदूळ आणि डाळ दिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होते. मुख्यतः तांदूळ आणि डाळ यांची ही करामत. त्यात जाहिरातीतले पेय नव्हते. आपल्या घरातील वरणभाताला, भाकरी-उसळीला, शेंगदाण्याला, परवडल्यास अंड्याला जो मान आपण देत नाही, तो यापुढे द्यावा इतके तरी यावरून म्हणता येईल. रुग्णाला आहारासाठी सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली आहे. ती मिळण्यासाठी बँकेचे खाते जोडावे लागते, आणि तेवढ्या कामात तरी आम्हा कारकुनी पेशाच्या लोकांचा रुग्णाला उपयोग व्हावा.

आमच्या दफ्तरींचे सहा महिने पुरे झाले. साखरही आता आटोक्यात आहे. उपचाराच्या काळात ती अधिक काटेकोरपणे पाहावी लागते. त्यांच्या घरातील सर्वांची तपासणी झाली. कोणाला रोग नव्हता. धाकट्या नातीला मात्र प्रतिबंधक गोळ्या दिल्या गेल्या, कारण लहान मुलांत हा रोग लवकर आणि उग्रपणे बळावू शकतो. रेकॉर्ड रूममध्ये त्यांच्याबरोबर बसणाऱ्या दोघांचे आणि माझेही एक्स-रे काढले. ते कामावर रुजू झाले त्या दिवशी मी त्यांच्याशी त्या शेऱ्याविषयी बोललो. ते म्हणाले, “तुम्हाला कुठं ठाऊक होतं, साहेब?” हे खरे होते, पण मी विचारलेही नव्हते. सरकारी कागदावरचा शेरा खोडता येत नाही. त्याच्याखाली तारीख घालून मी वैद्यकीय प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिला आणि पुन्हा सही केली.

रेकॉर्ड रूमच्या खिडक्या कित्येक वर्षे रंगाने चिकटून बसल्या होत्या. उघडल्या तर कागद उडतात, ही त्यांविषयीची तक्रार जुनीच. सुताराला बोलावून त्या मोकळ्या करून घेतल्या. कागद उडतात ही गोष्ट खरी निघाली, आणि म्हणून चार डझन पेपरवेटांची मागणी आली. ती मी त्याच दिवशी मंजूर केली.